बांधीतलं कोरं घर

बाबूजी, आज कुडव्याच्या वाटेवर एक घर पाहून आले. नवंकोरं घर आहे, अजून त्यात कोणी राहिलेलं नाही. येताना पावसानं झोडपलं, लुगड्याचा काठ चिखलानं भरला, तो धुऊन वाळत घातला आणि आता रेल्वेच्या ह्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्हाला लिहिते आहे. दुपारची वेळ आहे, आमच्या घरचे, म्हणजे तुमचे जावई, जेवून आडवे झाले आहेत. गावात सध्या जिथं जावं तिथं एकच बोलणं आहे, साहेब जाणार, राज्य आपलं होणार. स्टेशनवरचा हमालसुद्धा तेच बोलतो. आणि माझ्या डोक्यात तुमचं घर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस पिकायला लागले, तरी ते घर डोक्यातून जात नाही. मला तुमचा राग आहे, बाबूजी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल की लेक आठवणी काढत बसली आहे आणि आता रडेल. रडणार नाही. लहानपणी तुमच्यासमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही, तेव्हा आता तुम्ही ऐकायचं.

आपण घरात पोवारी बोलायचो. पण शाळेत गिरवलेल्या ह्या हाताला पोवारी लिहिता येत नाही, म्हणून तुमचं आणि मायचं बोलणं मी आपल्या इकडच्या झाडीबोलीत लिहिते आहे. तुम्ही बाजारात, चार लोकांत तसंच बोलायचात, तेव्हा ओळखाल.

तिरोड्याकडचं आपलं गाव आधी सांगते, कारण तिथल्या तुमच्यावर मला राग धरता येत नाही आणि त्यामुळंच पुढचा राग जास्त होतो. आपल्या बांध्या तळ्याच्या पाळीखाली होत्या. चारी बाजूंनी धुरे घातलेली, भाताचं पाणी अडवून धरणारी ती शेतं. तुम्ही धुऱ्यावरून चालता आहात आणि मी तुमच्या मागं. मध्येच तुम्ही उकिडवे बसता, मातीचा खडा उचलता, लोट्यातलं पाणी त्यावर टाकून मळता आणि दोन्ही तळव्यांत घेऊन त्याची वात वळता. वात लांब होत जाते. मग तिची दोन टोकं वाकवून जुळवता. मुरमाड माती असेल तर वात मध्येच तुटते. कन्हार असेल तर तुटत नाही, गोल कडं होतं. "पाहा बाई," तुम्ही म्हणता, "जे वाकते अन् तुटत नाही, ते पानी सोडत नाही. हे बांधी धान रोवन्याची." आणि ते कडं माझ्या मनगटात घालता. मातीची बांगडी! ती वाळेपर्यंत मी हात हलवायची नाही. लाखेच्या बांगड्या पुढं खूप भरल्या, पण माझ्या हातात पहिली बांगडी तुम्ही घातलेली, ती कन्हारीची होती. गावात लोक तुम्हाला मुद्दाम बोलावून माती दाखवायचे. कुठल्या बांधीत पाणी किती दिवस टिकेल हे तुम्ही वात वळून सांगायचात आणि ते खरं निघायचं.

मग तुमचं काकांशी बिनसलं. कशावरून, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढं कोणी सांगितलं नाही. तुम्ही तांदळाच्या दलालीसाठी गोंदियाला जायचं ठरवलंत. पहिली मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती, मी शाळेच्या वयाची होते. मोठे काका ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "जाय बापा, गोंद्याले जाय. कोनाच्या तरी जुन्या घरात भाड्यानं पडून राहाशील." झालं. त्या एका वाक्यानं आमचं वाटोळं केलं. त्या दिवसापासून तुमच्या तोंडी एकच, घर घेईन तर कोरं घेईन. ज्यात कोणी मेलं नाही, कोणी जन्मलं नाही, कोणाची चूल पेटली नाही, असं. काकांना दाखवायचं होतं तुम्हाला. घर घ्यायचं होतं माणसांना राहायला, पण ते तुम्ही भावाच्या डोळ्यात भरावं म्हणून घेतलंत.

आणि जुनं घर मिळालं नव्हतं असंही नाही! मायनं आणि मी ते पाहिलं होतं, तुम्हीही पाहिलंत. तळ्याच्या वरच्या अंगाला, उंचावर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, कवेलूंचं छप्पर, अंगणात विहीर. त्या घरची म्हातारी आपल्याच माळव्याकडून आलेल्या लोकांतली. मुलाकडं रायपूरला चालली होती म्हणून घर विकत होती. माय भिंतीला हात लावून उभी राहिली आणि नुसती हसली. मायला घर आवडलं की ती काही बोलायची नाही, भिंतीला हात लावायची. पण तुम्ही देवघरात डोकावलात. तिथं त्यांची चौरी होती. देवांचा तो मातीचा ओटा, आपल्याकडं प्रत्येक घराला असतो तसा. तुम्ही दारातूनच मागं फिरलात. "दुसऱ्याची चौरी जिथं बसली, तिथं आपली कायले बसवाची? उष्ट्या घरात नाही राहाचं आपल्याले." म्हातारीला ते ऐकू गेलं. तिला राग आला नाही. तिनं तुम्हाला समजावलं, "आमी आमची माती उचलून नेऊ, भाऊ. टोपलीभर तं माती आहे. आमचे देव आमच्या संगं येतेत, ते का भिंतीले बांधले आहेत?" किती सरळ सांगितलं तिनं. तुम्ही ऐकलंच नाही. देवाचं नाव पुढं केलंत, आणि पोटात होते मोठे काका.

स्टेशनच्या पलीकडं ठेकेदारानं नवी घरं बांधली होती, त्यातलं एक तुम्ही पसंत केलंत. चैत्राचं ऊन होतं. आपण तिघं गेलो. लाल पक्क्या विटा, आत पांढराशुभ्र चुना, गुळगुळीत जमीन, नव्या सागवानी दाराला तेल लावलेलं. ठेकेदार पानाचा तोबरा गालात धरून हिंदीत बोलत होता, "पटेलजी, पक्का मकान है. आपके पोते भी इसमें बूढ़े होंगे." माय सगळीकडं फिरली, मग पदर सावरून तुमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ऐकता का, पाणकळ्यात पाहू ना घर. आता तं सारंच कोरडं दिसते." तुम्ही मोठ्यानं हसलात, ठेकेदाराला ऐकू जाईल असं. "घर का धानाची बांधी आहे, पान्यात पाहाले?" ठेकेदारही हसला. माय मागं सरली.

बांधीच होती ती, बाबूजी. कालपरवापर्यंत तिथं धान पिकत होतं. पायऱ्यांच्या बाजूला अजून धुऱ्याचा उंचवटा होता, तो मलाही दिसला. आणि आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते. ठेकेदार दाराला कुलूप लावायला गेला तेव्हा तुम्ही अंगणाच्या कडेला उकिडवे बसलात. सवयीनं बसलात असणार. खडा उचललात, पाण्याच्या मडक्यातून ओंजळभर पाणी घेऊन मळलात, वात वळलीत. मी धावत आले. वात लांब झाली, तुम्ही ती वाकवलीत, आणि टोकं जुळली. कुठं तडा नाही. सुंदर गोल कडं झालं. मी हात पुढं केला.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मग ते कडं मुठीत चेंगरलंत, भिरकावलंत आणि हात धोतराला पुसलात. मी हात तसाच धरून उभी होते. तुम्ही उठून ठेकेदाराकडं गेलात आणि म्हणालात, "ठीक आहे, घेतलं."

तेव्हा मला एवढंच वाटलं की मी आता मोठी झाले, म्हणून बांगडी मिळाली नाही. त्याचा अर्थ कळायला वर्षं लागली. आणि कळला तेव्हा तळपायाची आग मस्तकाला गेली, ती अजून उतरलेली नाही. तुम्हाला माहीत होतं! एखाद्या शहरातल्या माणसानं, मास्तरानं, कारकुनानं ते घर घेतलं असतं तर मी म्हटलं असतं, बिचारा फसला. तुम्ही फसला नाहीत. पाणी धरणारी माती कोणती हे ज्याच्या बोटांना अंधारातही कळायचं, त्या माणसानं स्वतःच्या हातानं वात वळून पाहिली आणि मग तिथं बायकोची चूल मांडली. काऊन, बाबूजी? काकांना निरोप गेला होता म्हणून? वास्तूचा मुहूर्त काढून झाला होता म्हणून? की मायनं शहाणपण दाखवलं आणि तिचं खरं निघू द्यायचं नव्हतं म्हणून? मी सगळी कारणं लावून पाहिली. एकही पुरत नाही.

वास्तूला काका आले. घर पाहून त्यांचं तोंड बंद झालं, आणि तुम्ही त्या दिवशी जेवणावळीत इतकं तूप वाढलंत की लोक नको नको म्हणत होते. मायनं गावच्या चौरीची माती टोपलीत घालून डोक्यावरून आणली होती. वाटभर तिनं ती टोपली गाडीत ठेवली नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिनं चौरी घातली, लिंपली, कुंकू लावलं. त्या आषाढाआधीचे दोन महिने आपण सुखात होतो हे मी नाकारत नाही. मला मुलींच्या शाळेत घातलंत, पाटी आणलीत. आज हे लिहिता येतं ते त्या पाटीमुळं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. त्यानं हे सगळं फिटत नाही.

पाऊस लागला आणि आठवड्यातच घरानं आपली जात दाखवली. आधी भिंतीच्या बुडाशी चुना फुगला. मग जमिनीला घाम यावा तसं पाणी येऊ लागलं, वरून नाही, खालून. छप्पर एक थेंब गळत नव्हतं, बरं का! तुम्ही आल्यागेल्याला छपराकडं बोट दाखवून सांगायचात, एक थेंब नाही. आणि तुमचे पाय ओल्या जमिनीवर असायचे. सकाळी चुलीत राख चिकट झालेली असायची, लाकडं पेटायची नाहीत, माय फुंकून फुंकून लाल व्हायची. कोठीतल्या तांदळाला बुरशी आली. एकदा पिठाच्या डब्यामागून बेडूक निघाला, मी हसले, माय हसली नाही. आणि चौरी. चौरी खालून भिजून बसायला लागली. एका बाजूनं ढासळायची, माय ती पुन्हा घालायची, पुन्हा लिंपायची, चार दिवसांत पुन्हा बसायची. आपल्या लोकांत चौरी ढासळली तर बाईकडं बोट दाखवतात. घरच्या बाईच्या हाताला काही गुण नाही म्हणतात.

तुम्ही ते बोट थांबवायचं सोडून पहिलं बोट दाखवलंत. एक दिवस आडतीवरचे दोघं घरी आले होते. त्यातल्या एकानं ओल्या जमिनीवर पाय ठेवला आणि सहज विचारलं, "घर ओलं काऊन आहे, पटेल?" माय आत चुलीपाशी, मी दारात. तुम्ही हसत म्हणालात, "घर नाही गा ओलं. आमच्या घरची पानी सांडून राहिली दिवसभर. खेड्यातली सवय, सडा, सारवन. पक्क्या घरात राहाची अक्कल पायजे ना." ते दोघं हसले. मायच्या हातात कालथा होता. तो तिनं हळूच परातीत ठेवला, आवाज होऊ नये म्हणून.

त्या दिवसापासून तिनं घरात पाण्याचा थेंब पडू दिला नाही. सारवण बंद केलं. पाण्याचे हंडे ओसरीबाहेर नेऊन ठेवले आणि भर पावसात लोटा घेऊन बाहेर जायची. भांडी बाहेर घासायची, डोक्यावर पोतं घेऊन. जमीन जुन्या लुगड्यानं पुसत राहायची, पुसून पिळायची, पुन्हा पुसायची. कोणी दारात आलं की आधी म्हणायची, "मी आताच पुसलं वो." न विचारता. जमीन खालून भिजत होती, तिच्या हातात काय होतं? तुम्ही रोज हे पाहत होतात. एकदा, फक्त एकदा, तिला म्हणायचं होतं की तुझ्यामुळं नाही. दार लावून म्हटलं असतंत, कोणालाही न ऐकवता, तरी चाललं असतं.

दुसऱ्या पावसाळ्यात तिला खोकला लागला तो उन्हाळ्यातही गेला नाही. तिसऱ्या पावसाळ्यात ती बाजेवरून उठेना. बाजेचे पाय ओल्या जमिनीत नको म्हणून मी खाली विटा दिल्या, तेव्हा तीच म्हणाली, "राहू दे, तुह्या बापाले दिसल." त्याच श्रावणात एका सकाळी मी तिला पेज भरवत होते आणि तुम्ही दाराशी दाढी करत बसला होतात. ती पेज खाईना. माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, मी नाही वो सांडलं पानी." मी म्हटलं, "हो माय." तिनं पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्यानं, दाराकडं तोंड करून. तुमचा वस्तरा थांबला. मी पाहिलं, बाबूजी. थांबला, आणि पुन्हा चालू झाला. संध्याकाळपर्यंत ती गेली.

तिला खोकला ओलीनंच झाला असं मी म्हणत नाही, मी काही डॉक्टर नाही. खोकल्यानं गावातही माणसं मरत होती. पण ती आपली चूक नसल्याचं सांगत मेली, आणि ज्याला सांगत होती तो गालावरचा फेस पुसत होता, एवढं मला पक्कं माहीत आहे.

आणि मग माझं लग्न ठरलं. वऱ्हाड मोठं होतं, घरात उतरणार होतं. लग्नाआधी एक दिवस मी शाळेतून आले तर अंगणात बैलगाड्या उभ्या. मुरूम! गाड्या भरभरून मुरूम. माणसं घरातली सगळी जमीन हातभर उंच करत होती, चोपत होती, वर चुना घालत होती. घराभोवती चर खणून पाणी रस्त्याकडं काढून दिलं. तुम्ही कमरेवर हात ठेवून त्यांना सांगत होतात, इथं उतार द्या, तिथं ठोका, किती बारकाईनं, अगदी बांधीतून पाणी काढताना सांगायचात तसं. त्या पावसाळ्यात जमीन ठणठणीत कोरडी राहिली. पाहुण्यांचे पाय ओले होऊ नयेत म्हणून जे तुम्हाला सुचलं, ते मायच्या पायांसाठी सुचलं नाही. सुचलं नाही असं तरी कसं म्हणू? मुरूम टाकणं म्हणजे घर ओलं आहे हे कबूल करणं. ती होती तोवर तिच्यावर ढकलता येत होतं. ती गेल्यावर ढकलायला कोणी उरलं नाही, म्हणून मुरूम आला. त्याच कोरड्या घरात तुम्ही पुढं बरीच वर्षं राहिलात आणि तिथंच, कोरड्या जमिनीवर अंथरलेल्या गादीवर मेलात. मी आले होते. लोकांनी मला रडायला सांगितलं आणि मी चौरीकडं पाहत बसले. चौरी जशीच्या तशी उभी होती.

आता माझं ऐका. आमच्या घरचे ह्या वर्षी नोकरीतून मोकळे होतात, क्वार्टर सोडावं लागेल, म्हणून घर पाहतो आहोत. कुडव्याच्या वाटेवरचं हे घर त्यांनी वैशाखात पाहिलं आणि हरखून आले. अगदी तुमच्यासारखे. "कोरं घर आहे, पक्क्या विटा आहेत. आनखी काय पायजे तुले?"

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "पाणकळ्यात पाहू."

"तवरी दुसरा कोनी घेऊन टाकल."

"टाकू द्या."

ते चिडले. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "बरं, पाणकळ्यात पाहू." आणि झालं. एवढंच होतं ते, बाबूजी! नवऱ्यानं दोन दिवस तोंड फुगवायचं आणि मग बायकोचं ऐकायचं. आभाळ कोसळलं नाही, त्यांची मिशी खाली आली नाही, त्यांच्या भावांनी गावात दवंडी पिटली नाही. चैत्रापासून आषाढापर्यंत थांबायचं. तुम्हाला तेवढं जमलं नाही, आणि माझी माय पोतं डोक्यावर घेऊन पावसात भांडी घासत राहिली. ते "बरं" म्हणाले तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की भाकरी तव्यावर करपली. त्यांना वाटलं त्यांच्यावरच रागावले.

तर आज गेलो. गेले आठ-दहा दिवस झड लागली आहे, वाट सगळी चिखल. ते घर एका मिस्त्रीनं स्वतः बांधलं आहे, विकायला. म्हातारा आहे, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आला, जरा वैतागलेलाच. "बाई, अशा पान्यात घर पाहाले कोनी येते का? लोक उन्हाळ्यात येतेत."

"म्हणूनच आली मी," मी म्हटलं.

मी चपला काढून आत गेले. अनवाणी सगळ्या खोल्यांतून चालले. स्वयंपाकघरात भिंतीच्या बुडाशी तळवा टेकवून बसले, बराच वेळ. आमच्या घरचे आणि मिस्त्री दारात उभे राहून एकमेकांकडं पाहत होते. भिंत गार होती, पण कोरडी. चौरी कुठं येईल तो कोपरा पाहिला. जमीन कोरडी. नव्या चुन्याचा वास येत होता, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, तो वास मला अजून आवडतो. मग मी बाहेर आले आणि मिस्त्रीला म्हटलं, अंगणात कोपरभर खणा. त्यानं कुरकुरत कुदळ आणली. मी खालचा खडा घेतला, तळव्यांत मळला. पाणी घालायची गरज नव्हती, आभाळ घालतच होतं. वात वळायला घेतली. हाताला लगेच रेव लागली. वात बोटभर झाली नाही तोच तुटली. मी पुन्हा वळली, पुन्हा तुटली. घर बरड जमिनीवर होतं, पाणी न धरणाऱ्या. मी त्या पावसात उभी राहून हसले, आमच्या घरचे घाबरलेच. म्हणजे कोऱ्या घराचा काही दोष नव्हता कधीच. कोरं घर चांगलं असू शकतं. मीही कोरंच घेते आहे. घराचं काही चुकलं नव्हतं, हे मला आज त्या तुटलेल्या वातीकडं पाहून कळलं, आणि मग तुमच्यावरचा राग हलका होण्याऐवजी सगळाच्या सगळा तुमच्याच अंगावर आला. घराच्या वाट्याला थोडा जात होता, तोही आता तुमचा.

मायला दाखवायचं होतं मला हे. तिनं जे सांगितलं होतं तेच मी केलं. पाणकळ्यात घर पाहा. ही अक्कल तिची. तिला खेड्यातली म्हणून चार लोकांत हसलात, तिची.

परवा सौदा पक्का होईल. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तो घडी करून माझ्या लुगड्यांच्या पेटीत तळाशी जाईल. पण बंद करण्याआधी एक राहिलं आहे, ते सांगितल्याशिवाय माझं मलाच चैन पडणार नाही. मिस्त्री कुदळ टेकवून उभा होता. माझ्या हातातली तुटलेली वात त्यानं पाहिली. इतका वेळ वैतागलेला तो माणूस एकदम अदबीनं बोलायला लागला. "बाई, तुमी तं पक्क्या जानकार दिसता. हे कोनं शिकवलं तुमाले?"

मायचं नाव घ्यायचं होतं. तोंड उघडलं ते तिच्यासाठीच. आणि बाबूजी, मी म्हटलं, "माह्या बापानं." अभिमानानं म्हटलं.